वादळाचा इशारा देणारा टेबलावरचा रेडिओ मळ्यातल्या घरासाठी घ्यावा का? मेव्हणा अमेरिकेतून आणतोय

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय कारण मेव्हण्याचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं आहे. आम्ही यावल तालुक्यातले, घर गावात पण आई आणि नाना वर्षातले सात-आठ महिने मळ्यातच राहतात, गावापासून अडीच किलोमीटर, गाडवाट आहे, पाऊस झाला की मोटरसायकल पण जात नाही. मागच्या जूनमध्ये जे वारंवादळ झालं त्यात आमची निसवलेली (घड पडलेली) केळीची बाग निम्मी आडवी झाली, पण ते सोडा, बागेचं काय होतं ते सगळ्यांचं होतं. मला जे लागलं ते वेगळं आहे. इशारा माझ्या फोनवर दुपारीच आला होता, मी जळगावला ड्युटीवर, तेव्हापासून नानांना फोन लावतोय तर स्विच ऑफ. लाईट सकाळपासून नव्हती, फोन बंद पडलेला, आणि ते दोघं निवांत गोठ्यात म्हशीचं दूध काढत बसलेले. साडेसहाला आभाळ पिवळं झालं आणि दहा मिनिटांत गोठ्यावरचे पत्रे उडाले. एक पत्रा आईच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला आणि पेरूच्या झाडात घुसला, अजून त्या खोडावर ती खाच आहे, मी गेलो की हात लावून बघतो.

तर मेव्हणा डॅलसजवळ राहतो, त्याच्या घरी टेबलावर ठेवायचा एक रेडिओ आहे, वादळाचा इशारा आला की आपोआप सायरन वाजवतो, कोणी लावायची गरज नाही, झोपलेला माणूस पण उठतो म्हणे. तो म्हणतोय तुमच्यासाठी एक घेऊन येतो. मला विचारायचंय की हा इकडे चालेल का, लाईटीला लावायला काय करावं लागेल, आणि चालत नसेल तर आपल्याकडे असं काही मिळतं का जे नानांना माझ्या फोनशिवाय कळवेल. नानांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, टच फोन त्यांना जमत नाही, साधा बटणाचा वापरतात. पैशाचा प्रश्न नाही, पण वस्तू कामाची पाहिजे.

जुना_टेलिकॉमवाला_भुसावळ

भाऊ, आधी मेव्हण्याला फोन करून सांग की आणू नको. मी रेल्वेच्या सिग्नल-टेलिकॉम खात्यातून रिटायर आहे, आयुष्य वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नको.

तो रेडिओ स्वतः हवामान ओळखत नाही, तो फक्त ऐकतो. अमेरिकेत त्यांच्या हवामान खात्याची एक वेगळी प्रसारण सेवा आहे, देशभर हजाराच्या वर ट्रान्समीटर, चोवीस तास फक्त हवामान. त्यासाठी सात चॅनल ठरवून ठेवलेत, १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंत. इशारा द्यायचा असला की ट्रान्समीटर आधी एक डिजिटल कोड पाठवतो, चिरचिर आवाज येतो ना तो, त्यात कुठला जिल्हा आणि कसला धोका ते असतं. मग १०५० हर्ट्झचा लांब सूर आणि मग बोलणं. तुझ्या मेव्हण्याच्या रेडिओत त्याच्या काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, सहा आकडी नंबर भरलेला असणार, तो नंबर जुळला की सेट जागा होतो. आपल्याकडे हे प्रसारणच नाही. नानांच्या उशाशी ठेवला तर तो सातही चॅनलवर नुसता खरखर करेल, आणि खरं संकट आलं तरी गप्पच बसेल. सगळ्यात वाईट म्हणजे घरच्यांना वाटत राहील की आपल्याकडे इशाऱ्याचं यंत्र आहे.

दुसरं लाईटीचं. तिकडचा ॲडाप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. नुसता पिन बदलायचा कन्व्हर्टर लावून खोसला की ॲडाप्टर जळतो, माझ्या शेजाऱ्याने तिकडून आणलेल्या घड्याळाचं असंच झालं, धूर येईपर्यंत कळलं नाही. ॲडाप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असलं तरच थेट लावायचा.

तिसरं, काही जण म्हणतील की त्यात साधा एएम-एफएम पण असतो, तो वापरू. तिथेही अडचण आहे. आपल्याकडे मीडियम वेव्हची, म्हणजे एएमची, स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने असतात, ५३१, ५४०, ५४९, ५५८ अशी. अमेरिकेत टप्पा १० चा. आकडे दाखवणारा तिकडचा सेट ५५८ वर थांबतच नाही, ५५० नाहीतर ५६०, आवाज घोगरा आणि फाटलेला येतो. काही सेटला मागे ९/१० चं बटण असतं, पण सगळ्यांना नसतं. काट्याचा जुन्या पद्धतीचा सेट असेल तर हा त्रास नाही.

आता तुझा खरा प्रश्न. तुला दोन वेगवेगळी कामं एकाच डब्यातून पाहिजेत. एक म्हणजे नानांना झोपेतून किंवा गोठ्यातून उठवणं. दुसरं म्हणजे लाईट आणि टॉवर दोन्ही गेल्यावर बाहेर काय चाललंय ते कळणं. आपल्याकडे पहिलं काम रेडिओ करत नाही, दुसरं काम मात्र साधा सेलवरचा रेडिओच करतो. वादळात लाईट जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसतात, आणि मग हातातला महागडा फोन पण नुसता टॉर्च उरतो.

रेडिओ घेताना मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही असलेला घे, काट्याचा, मोठे सेल बसणारा. ब्लूटूथ-पेनड्राइव्हवाले जे डबे मिळतात त्यांचं स्टेशन धरायचं काम बऱ्याचदा कच्चं असतं, बाजारातून घेताना दुकानाच्या बाहेर येऊन लावून बघ, दुकानात ट्यूबलाईट-एलईडीच्या खरखरीत काही कळत नाही. हँडल फिरवून चार्ज होणारे असतात ते पण चालतात पण आतली बॅटरी दोन-चार वर्षांत म्हातारी होते, मग कितीही फिरवा. सेलचा उत्तम. आणि सेल पावसाळा संपला की काढून ठेवायचे, साधे सेल फुटले की पाणी सुटतं आणि पत्त्या हिरव्या होतात, सेट गेला.

अजून एक गोष्ट, ही नानांना नक्की सांग. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवला आणि कड्... कड् असा तुटक आवाज यायला लागला तर कुठेतरी वीज पडतेय. कडकड जवळजवळ यायला लागली की वादळ जवळ येतंय. आमचे साहेब लोक हसायचे पण लाईनवरची जुनी माणसं हेच करून पावसाच्या आधी हत्यारं आवरायची. फक्त त्या वेळी बाहेरून अँटेनाची वायर ओढून आणू नये, वीज त्याच वायरीने घरात येते.

अमळनेरची_लेक

दादा, मी मूळ अमळनेरची, नऊ वर्षं ओक्लाहोमात आहे. काकांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. माझ्या किचनमध्ये तो रेडिओ आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे, पण तो इथेच कामाचा.

तुमच्या मेव्हण्यासाठी मात्र लिहिते, कारण डॅलसच्या बाजूला पण टोर्नेडो येतात आणि लोक नुसता विकत घेऊन ठेवून देतात. काउंटीचा नंबर भरला नाही तर आजूबाजूच्या सगळ्या काउंट्यांचे इशारे वाजत राहतात, मग माणूस वैतागून वायर काढून टाकतो आणि नेमका त्या रात्री वादळ येतं. आपली काउंटी आणि फार तर वादळ जिकडून येतं त्या बाजूची एक, एवढंच भरायचं. नंबर भरला तरी पूर्ण काउंटीसाठी वाजतो, वादळ काउंटीच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी, म्हणून वाजल्यावर बोलणं पूर्ण ऐकायचं. 'वॉच' म्हणजे होऊ शकतं, 'वॉर्निंग' म्हणजे झालंय किंवा आत्ता होणार, आत जा. मागे बॅकअपचे सेल घातलेले आहेत का ते दर सहा महिन्यांनी बघायचं, खिडकीजवळ ठेवायचा, अँटेना पूर्ण बाहेर. आठवड्यातून एकदा चाचणी असते, बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या आधी. बुधवारी दिवा लागला नाही की समजायचं काहीतरी बिघडलंय.

आणि गावातला सायरन वाजेल असं गृहीत धरू नये. तो बाहेर असलेल्या लोकांसाठी असतो, बंद घरात एसी चालू असताना ऐकूच येत नाही. पहिल्या वर्षी मी रात्री अडीचला या रेडिओमुळेच उठले, मुलगी सहा महिन्यांची होती, तिला उचलून बाथरूममध्ये बाथटबात बसलो, वरून गादी ओढली. बाहेर सायरन वाजत होता म्हणे, आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

नानांना ऐकू कमी येतं असं लिहिलंत. इथे या रेडिओला मागे एक जागा असते, त्यात झगझगणारा दिवा किंवा उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र लावतात, बहिऱ्या माणसांसाठी. तुमच्याकडे तेच करायचं असेल तर त्यांच्या फोनची रिंग उजव्या कानाच्या बाजूला आणि रात्री फोन स्टीलच्या ताटात ठेवा, व्हायब्रेशनने ताट वाजतं. माझ्या आजीसाठी आम्ही करायचो.

केळीबाग_यावल

काका, ताई, खूप खूप धन्यवाद. मेव्हण्याला आत्ताच सांगितलं, त्याने स्वतःच्या सेटमध्ये नंबर भरलेलाच नव्हता, आज रात्री भरतो म्हणाला. पण काका, उठवण्याचं काम कोण करेल मग? तेच तर मेन आहे.

सातपुडा_रावेर

भो, मी सांगतो आम्ही काय केलं. आमचं शिवार तुमच्या पलीकडेच, दर वर्षी मे-जूनमध्ये तेच रडणं, मृगबाग (मृगात लावलेली केळी) कापणीला आलेली असते आणि वारा येतो.

आमच्याकडे तीन गोष्टी आहेत. पहिली, घरातल्या ज्या पोराकडे टच फोन आहे त्याच्यावर 'सचेत' ॲप, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं आहे, आपला जिल्हा टाकायचा, इशारा मराठीत येतो. सोबत 'दामिनी', ते पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं, वीज पडायला लागली की तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत आहे का ते दाखवतं, शेतात मजूर असले तर हे फार कामाचं, मी दोनदा बाया वेळेवर घरी पाठवल्यात. दुसरी, फोनच्या सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधा आणि सगळे चालू करा. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते आठवतंय का, दूरसंचार खात्याची चाचणी होती ती. तो निरोप नेटवर येत नाही, टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, नेट पॅक संपलेला असला तरी. पण टॉवर जिवंत पाहिजे आणि फोन चालू पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मशीन नाही. आमच्या शिवारात बावीस घरं मळ्यात राहतात. आम्ही यादी केली, कोण कोणाला सांगणार. मला इशारा आला की मी दोन घरांना, ते दोघं पुढच्या दोघांना, ज्याचा फोन लागत नाही त्याच्याकडे जवळचा माणूस चालत किंवा मोटरसायकलवर जातो. सालदार लोकांची घरं पण यादीत, त्यांच्या लेकरांना आधी पक्क्या घरात आणायचं. गावातल्या मारुती मंदिराच्या भोंग्याची चावी कोणाकडे असते ते सगळ्यांना माहीत. भोंग्याला इन्व्हर्टर लावलाय, वर्गणी काढली, घरटी थोडे थोडे. गेल्या वर्षी मे मध्ये ऑरेंज (नारिंगी) इशारा आला होता, भोंग्यावर सांगितलं, सगळ्यांनी जनावरं शेडमधून सोडून मोकळी केली. शेड पडली तीन जणांची. जनावर एकही नाही गेलं.

तुमच्या नानांच्या मळ्याजवळ दुसरं घर किती लांब आहे? तिथल्या माणसाशी बोला. त्यांचा फोन नाही लागला तर हा माणूस जाईल, एवढं ठरलं की तुमचं निम्मं काम झालं. आणि तो बटणाचा फोन, त्याच्यासाठी एक सोलरवर चालणारा चार्जर घ्या, आमच्या आबांचा फोन त्याच्यावरच चालतो.

तितूरकाठ

चाळीसगावहून. मी जास्त लिहीत नाही पण हा विषय बघून राहवलं नाही.

३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट. आमचं दुकान आणि वर घर. रात्रभर पाऊस होताच पण पाऊस काय नेहमीचाच, आम्ही झोपलो. फोन सायलेंटवर. समोरच्या घरातल्या वहिनींनी लाटण्याने शटर बडवलं म्हणून उठलो, खाली आलो तर पायरीवर पाणी. तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या फुगलेल्या, तिकडे कन्नड घाटात दरड पडलेली. वीस मिनिटांत दुकानातलं खालचं सगळं गेलं. आम्ही वाचलो ते त्या लाटण्यामुळे.

तेव्हापासून माझ्याकडे एक रेडिओ, चार सेल, टॉर्च आणि कागदपत्रांची पिशवी असं जिन्याच्या वरच्या पायरीवर खुंटीला लटकवलेलं असतं. पुरानंतर लाईट नव्हती, नेटवर्क येत-जात होतं, आणि लोकांत एकच अफवा, धरण फुटलं, धरण फुटलं. लोक लेकरं घेऊन टेकडीकडे पळत होते. शेजारच्या काकांच्या रेडिओवर बातम्या लागल्या, तसं काही नव्हतं, तेव्हा कुठे गल्ली शांत झाली. रेडिओचं खरं काम मला त्या दिवशी कळलं.

एक लक्षात ठेवा, बातम्यांत खान्देश असं नाव घेतीलच असं नाही. हवामान खात्याच्या विभागात जळगाव, धुळे, नंदुरबार हे 'मध्य महाराष्ट्रा'त येतात. माझे वडील कित्येक वर्षं 'मध्य महाराष्ट्र' म्हणजे पुण्याकडचं समजून रेडिओ बंद करायचे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. मोबाईलवरून लावताना आधी एसटीडी कोड लावायचा, जळगावला ०२५७, धुळ्याला ०२५६२, नंदुरबारला ०२५६४. हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, फोनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, फोनच बंद असतो.

जुना_टेलिकॉमवाला_भुसावळ

तितूरकाठ, तुमचं 'मध्य महाराष्ट्र' अगदी मुद्द्याचं आहे. त्यात एक भर घालतो, कारण यावलचं शिवार तापीच्या अंगाला आहे. वाऱ्यासाठी आपल्या जिल्ह्याचा इशारा ऐकायचा, पण पुरासाठी विदर्भ आणि मध्य प्रदेशचा पण ऐकायचा. तापी मुलताईहून बैतूल-बऱ्हाणपूर करत येते, पूर्णा विदर्भातून येऊन चांगदेवला मिळते, दोन्हीचं पाणी हतनूर धरणात. इकडे कडक ऊन असतं आणि हतनूरचे दरवाजे उघडलेले असतात, ४१ दरवाजे आहेत. माझ्या नोकरीच्या काळात ऊन बघून नदीत म्हशी धुवायला उतरलेली माणसं आम्ही पुलावरून ओरडून बाहेर काढलीत. तुमच्या नानांची जमीन नदीपासून किती लांब?

केळीबाग_यावल

काका, नदी दीड किलोमीटर, पण खालच्या दोन बिघ्यांत पाणी येतं मोठ्या पुरात. हे मला सुचलंच नव्हतं, मी फक्त वाऱ्याचाच विचार करत होतो.

सगळ्यांना सांगतो काय काय झालं ते. रविवारी जळगावला गोलाणी मार्केटला गेलो, काट्याचा मीडियम वेव्ह-एफएम रेडिओ घेतला, दुकानाबाहेर येऊन लावून बघितला, दुकानदार पण स्वतः बाहेर आला. मळ्यात आणल्यावर आधी काहीच लागेना, मग लक्षात आलं की एलईडी बल्बजवळ ठेवलाय. बल्ब बंद केला, रेडिओ खिडकीत ठेवून हळूहळू फिरवला तर एका बाजूला तोंड केल्यावर आकाशवाणी स्वच्छ. नानांनी तिथेच खडूने खूण केली.

शेजारच्या मळ्यातल्या बापूंशी बोललो, चारशे पावलांवर घर आहे त्यांचं, आणि वीस वर्षांत आम्ही कधी हे ठरवलं नव्हतं. आता ठरलं, मी त्यांच्या पोराला फोन करणार, तो नानांकडे जाणार. त्यांच्याकडे फोन लागला नाही तर नाना बॅटरी तीनदा चमकवणार, तिकडून पण तीनदा. परवा रात्री करून बघितलं, दिसतं. यादी अजून चारच घरांची झालीय, सातपुडा भाऊ, तुमची बावीस घरांची कशी लिहिलीत तो कागद जमलं तर टाका. १०७७ आईने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलाय, कोडसकट.

आणि नानांना ती कडकडवाली गोष्ट फार पटली. रोज संध्याकाळी दूध काढून झालं की रेडिओ लावून बसता, काटा रिकाम्या जागी नेऊन ऐकता, मग बातम्या. सेल किती दिवस चालता ते कॅलेंडरवर रेघ मारून लिहून ठेवता. आज अकरावी रेघ.